सटातलं विरजण आणि मेहुणीची वाटी

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, दही कारखान्याच्या विरजण-विभागाचा निवृत्त प्रमुख, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. मागच्या दाराची कडी उचलून धरल्याशिवाय लागत नाही, हे तिला ठाऊक आहेच.

२. माझा थर्मामीटर कारखान्यातल्या माझ्या मदतनिसाला द्यावा. वापरून झाल्यावर पुसून ठेवावा. वीस वर्षं सांगतोय, पालथ्या घड्यावर पाणी.

३. मुली, आता खरं सांगतो. चिनी मातीच्या सटातलं विरजण तुझ्या आईचं नाही. माहेरून आणलेलं, रोज दुधाला लावून तिने पस्तीस वर्षं जगवलेलं विरजण, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मारलं. ती करंगळी बुडवून दूध जोखायची, मी हसायचो. त्या दिवशी भेटायला माणसं आली होती. मी दूध उतरवलं आणि तसंच कढत विरजणावर ओतलं. त्यातले जीव कोमटात वाढतात, कढतात मरतात, हे मी जन्मभर इतरांना शिकवलं. सकाळी सटात नुसतं दूध होतं. मग कारखान्यातली विरजणाची पूड आणून लावली. तू पहिला घास घेतलास, "आईच्याच हातचं लागतंय, बाबा," म्हणालीस आणि रडलीस. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. त्याला तीन वर्षं झाली.

४. तुझ्या मावशीबद्दल. न विचारता कोणी चमचा बुडवायचा नाही, हा माझ्या विभागातला नियम मी घरातही चालवला. तिने एकदा न सांगता वाटीभर विरजण नेलं, तर तिला दारात उभं करून चोर म्हणालो. तुझी आई गेली तेव्हा ती फाटकापाशी उभी होती. "आत ये" एवढे दोन शब्द मला जड झाले. याची मला फार लाज वाटते.

ती त्याच विरजणाचं दही अजून रोज लावते, असं कानावर आहे. मी दोनदा तिच्या फाटकापर्यंत जाऊन परतलो.

५. माझ्यामागे सट धुऊन, कोरडा करून तिच्याकडे ने. चमचाभर माग. बाबांनी सांगितलंय म्हणावं, "बरं झालं नेलंस." तिने दारात उभं ठेवलं, तर उभी राहा.

साक्षीदार: शेजारचे शिंपी, कोपऱ्यावरचे औषधविक्रेते. दोघांनी मला सही करताना पाहिलं, मजकूर वाचलेला नाही.

ठिकाण: स्वयंपाकघर. दिनांक: ९ फेब्रुवारी.

सही: तुझे बाबा