वरचे कार्ड, खालचे यंत्र

प्रति,
मा. सहायक अभियंता,
वीजपुरवठा उपविभाग कार्यालय.

विषय : वरच्या मजल्यावरील संगणकाच्या जुन्या व नव्या ग्राफिक्स कार्डांची तुलना विचारात घेऊन मंजूर वीजभार वाढवून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, 'मागील दोन देयकांत वीजवापर घटल्याने भारवाढीची मागणी नस्तीबद्ध'.

महोदय,

१. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे काका नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन आले, त्या दिवशी ते थेट वर गेले नाहीत. आमच्या दारात थांबले आणि खोक्यावरचा आकडा दाखवून म्हणाले, "जुनं एकशेवीस वॅट खायचं, हे साडेतीनशे खातं. आपलं मीटर एकच, आणि तुमच्याकडे बाळाचं मशीन. नको वाटत असेल तर आत्ताच परत करतो." मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. मी हसून म्हटले, "काका, चौपट वेगानं काम उरकणार असेल तर वीज कमीच लागेल की." माझे गणित बरोबर होते. तेच गणित आता आपल्या कार्यालयाने मला पत्राने परत पाठवले आहे, म्हणून हा दुसरा अर्ज करीत आहे.

२. माझे बाळ वेळेआधी जन्मले. आता ते सात महिन्यांचे आहे. फुप्फुसे अशक्त असल्याने दिवसाचा बराच वेळ त्याला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर ठेवावे लागते व ते यंत्र विजेवर चालते. बाळाचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, त्यामुळे घरात बहुतेक वेळा आम्ही दोघेच असतो. काका या कार्डाच्या जोरावर संगणकात बिल्डरांना अजून न बांधलेल्या इमारतींच्या फिल्म करून देतात. पाहणारा दारातून शिरतो, जिना चढतो, गच्चीवर जातो, आणि प्रत्यक्षात तिथे मोकळी जमीन असते. त्यांचे पोट यावर आहे, हे मुद्दाम नमूद करते, कारण माझी तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही.

३. दोन्ही कार्डांचा तपशील मी काकांकडून समजून घेतला आहे. जुने कार्ड वीतभर, एका पंख्याचे. मेमरी सहा जीबी. वीज एका लहानशा जोडणीतून घेई. नवे कार्ड हातभर लांब, तीन पंख्यांचे, मेमरी सोळा जीबी, आणि त्याला तीन वेगळ्या केबली लागतात. एक मिनिटाची फिल्म तयार व्हायला जुन्यावर दहा तास लागत, नव्यावर अडीच तासांत होते. म्हणजे एका फिल्मला जुने कार्ड जवळजवळ सव्वा युनिट खाई, नवे एक युनिटही खात नाही. देयक घटले ते यामुळेच, आणि यावर आपण व मी दोघेही खूश झालो.

४. परंतु महोदय, युनिट वेगळे आणि भार वेगळा. जिन्यावरून दहा माणसे एकेक करून चढली तर जिन्याला काही होत नाही. तीच दहा एकदम चढली तर पायरी मोडते. माणसे दोन्ही वेळा दहाच. नवे कार्ड कामाला लागले की क्षणभर साडेतीनशेच्या दुप्पटही ओढते. त्याच वेळी आमचा फ्रिज सुरू झाला, की मीटरजवळचा जुना स्विच पडतो व सगळ्या घराची वीज जाते. मीटर घराच्या मागे आहे. वीज गेल्याची शिट्टी यंत्र वाजवू लागते. मी आधी ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरची नळी बाळाला लावते, मग त्याला कडेवर घेऊन, सिलिंडर काखेत धरून मागे धावते. त्या धावण्यात किती युनिटे जातात, हे कोणत्याही देयकात येत नाही.

५. आपले वायरमन पाहणीला आले तेव्हा कार्ड स्वस्थ बसलेले होते. स्वस्थ असताना ते एखाद्या बल्बाएवढीच वीज घेते. वायरमनदादांनी मीटर पाहिले, देयक पाहिले आणि म्हणाले, "बिल कमी आलंय म्हणून तक्रार करणारं पहिलंच घर बघतोय, ताई." काकांनी आपल्या परीने सगळे करून पाहिले. कार्डाची वीज सॉफ्टवेअरने कमी केली, तरी सुरुवातीचा हिसका राहिलाच. मग जुने कार्ड परत बसवले. पण हातातल्या इमारतीचे काम सहा जीबीत मावेना, निम्म्यावर बंद पडू लागले आणि बिल्डरचे फोन सुरू झाले. नवे परत लावण्याआधी ते माझ्याकडे विचारायला आले, खाली मान घालून, जणू घर माझ्या बापाचे आहे. मी नाही कसे म्हणणार होते?

६. गेल्या शुक्रवारी दुपारी स्विच पडला. सिलिंडरची चावी घट्ट बसली होती, माझ्याने फिरेना. बाळाचे ओठ निळे झालेले मी पाहिले. संगणक बंद पडलेला पाहून काका वरून धावत आले, चावी त्यांनी पान्याने फिरवली आणि आम्हाला रिक्षात बसवून दिले. बाळ आता रुग्णालयात आहे व हा अर्ज मी तिथल्याच बाकावर बसून लिहीत आहे. डॉक्टरांचे म्हणणे आहे की घरी वीज टिकेल याची लेखी खात्री असल्याशिवाय ते बाळाला सोडणार नाहीत. ती खात्री आपल्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. डॉक्टरांना मी आपले पत्र दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि मला विचारले, "हे नक्की तुमच्याच घराचं आहे ना?"

७. तरी वरच्या मजल्यास स्वतंत्र मीटर द्यावे, ते न जमल्यास मंजूर भार वाढवून स्विच बदलावा, ही विनंती. घरमालकांचे संमतीपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन्ही कार्डांच्या खोक्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. फेरपाहणी करणार असाल तर कृपया कार्ड काम करीत असताना करावी.

८. मात्र फेरपाहणीची तारीख पडेपर्यंत थांबू नका. आजच कोणाला तरी पाठवा, ही माझी वेगळी विनंती आहे. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा काकांनी वरच्या मजल्याचा फ्यूज काढून खिशात टाकला आणि म्हणाले, "बाळ घरी येईपर्यंत वर दिवासुद्धा लागणार नाही." त्या गडबडीत त्यांना अडवायचे राहून गेले. परवापासून त्यांचा फोन बंद लागतो आहे. चार्जच होत नसेल, असे मनाला सांगते. पण त्यांना साखरेचा आजार आहे, इंजेक्शने त्यांच्या वरच्याच फ्रिजमध्ये असतात आणि वरची खोली स्लॅबखाली भट्टीसारखी तापते. त्यांचे दुसरे कोणी नाही. बाळाला सोडून मी निघू शकत नाही. आपल्या माणसाने मीटर नंतर पाहावे, आधी वर जावे. त्यांना ऐकू कमी येते, दार जोरात वाजवावे, उघडले नाही तर तोडावे, नुकसान मी भरीन. उघडले तर बाळ दूध पिऊ लागले आहे एवढे सांगावे आणि ते स्वतः जेवले आहेत का, हे पाहून मला फोन करावा. नंबर खाली दिला आहे. मी फोन हातात धरूनच बसले आहे.

आपली नम्र, उत्तराची वाट पाहणारी,

(सही व मोबाइल क्रमांक)
खालच्या मजल्यावरील भाडेकरू, बाळाची आई
मुक्काम : मुलांचा वॉर्ड, बाहेरचा बाक
दिनांक : १४, मंगळवार सकाळ