कड्याचं माप

आई, तुझ्या जावयांनी काल संध्याकाळी ओट्यावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी, एक बारीकशी किल्ली ठेवली आणि पेपर उघडून बसले. ती किल्ली अजून तिथंच आहे. मी तिच्या भोवतीनं ओटा पुसला, सकाळी तिच्या शेजारी पोहे परतले, पण तिला हात लावला नाही. आज रविवार. बांगड्यांचं दुकान संध्याकाळी उघडायचं आहे आणि हे जेवून आतल्या खोलीत आडवे झालेत. ती किल्ली घ्यायची की नाही हे मला ठरवायचं आहे, आणि त्याआधी कुणाला तरी सगळं सांगायला हवं. जिवंत माणसांत असं कुणी सुचेना. तू जाऊन चौदा वर्षं झाली, आता तुला कशाची लाज वाटत नसेल असं धरून चालते.

लेक पुण्याला नोकरीला लागल्यापासून घरात आम्ही दोघंच. आमचं हे घर तू पाहिलं नाहीस. मागं विणकरांची वस्ती आहे, दुपारभर कुठलातरी माग चालू असतो आणि त्या खटखटीत डोळा कधी लागतो कळत नाही. अशाच एका दुपारी मी शेंगदाण्याची चटणी कुटत होते आणि हे दारात येऊन उभे राहिले. तुला ठाऊक आहे, आपलं काही दुखतंखुपतं सांगायचं म्हटलं की ह्यांची दातखीळ बसते. दाढ सुजली होती तेव्हा आठ दिवस गप्प होते, आणि तू आमच्या जुन्या घरी जेवायला आलीस तर पहिल्या घासालाच म्हणालीस, "जावईबापू, डावीकडची दाढ दुखायलीय न्हवं?" तोच माणूस त्या दुपारी म्हणाला, "एक सांगू का? हसू नको." मी अर्थातच हसले. मग त्यांनी जे सांगितलं त्यात निम्मं मोबाईलवर वाचलेलं होतं आणि निम्मं बहुतेक वीस वर्षं पोटात ठेवलेलं. माझ्या हातातला बत्ता तसाच राहिला. मला समजायला तीन दिवस लागले आणि हसू थांबायला चार.

तुला कळेल असं सांगायचा प्रयत्न करते. हा मोठ्या माणसांचा खेळ आहे, नवराबायकोचा, किंवा राजीखुशीनं एकत्र असलेल्या कुणाही दोघांचा. दोघांतल्या एकानं ठरावीक मुदतीपुरता आपल्या शरीरसुखावरचा ताबा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दुसरा हो म्हणेल तेव्हाच ते सुख, तोवर वाट बघायची. काहीजण हे नुसत्या शब्दावर पाळतात. काहीजण कुलूप लावतात. पुरुषांसाठी तसं एक लहान साधन मिळतं, मागं एक कडं, पुढं जाळीची नळी, आणि दोन्ही जोडणारं बोटाच्या पेराएवढं कुलूप. मी विचारलं, "तुमी काय गुन्हा केलाय म्हणून ही शिक्षा?" तर म्हणाले, "शिक्षा न्हाय गं. उपास धरतो की आपण, कुणी उपाशी ठेवलंय का आपल्याला? तसं. फक्त सोडायचा कधी ते तू सांगायचं." मला ते पटलं. उपास आपण धरलेला असतो म्हणूनच त्यात गोडी असते, आणि चक्कर यायला लागली तर तो मोडायचीही मुभा असते.

मग आम्ही दुकानाच्या पॅडवर लिहून काढलं, कारण तोंडी ठरलेलं ह्या घरात कधी टिकत नाही. आधी एखाद-दुसरा तास, मग अर्धा दिवस, आणि त्यानंतर पुढचं. सुरुवातीला झोपताना घालायचं नाही. रोज काढून स्वच्छ धुवायचं, कोरडं करायचं. दुसरी किल्ली पाकिटात घालून ह्यांच्या ऑफिसच्या पिशवीत, म्हणजे मी जवळ नसले तरी अडायला नको. बधिर वाटलं, रंग बदलला, गार पडलं तर त्या क्षणी काढायचं, आणि काही बिघडलंच तर लाज गुंडाळून ठेवून डॉक्टरकडं जायचं. शिवाय एक शब्द ठरवला. दोघांपैकी कुणीही तो उच्चारला की सगळं थांबवायचं, का म्हणून विचारायचं नाही, रुसायचं नाही. शब्द कुठला घ्यायचा यावर आम्ही तासभर वाद घातला. शेवटी हे म्हणाले, "मोडनिंब." त्या गावाचं नाव प्रेमाच्या वेळी चुकूनही कुणाच्या तोंडी येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मला खोडून काढता आला नाही.

चूक झाली ती मापात, आणि ती कासाराच्या लेकीनंच करावी. कड्याचं माप दोऱ्यानं घ्यायचं होतं. दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या वेळी, कारण अंग गरमीत सैलावतं आणि गारठ्यात आक्रसतं. मोबाईलवरच्या सूचनांत स्वच्छ लिहिलं होतं की दोन मापांच्या मधे आलं तर मोठं घ्या. मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. मला माप शिकवताय? पंचवीस वर्षं मी बायकांचे हात बघत आले, दारातून आत येणाऱ्या बाईचा हात सव्वादोनचा की अडीचचा हे मी चपला काढायच्या आत सांगते. आपल्या धंद्यात चढताना अडलेली बांगडीच खरी, सरळ गेली तर ती दुसऱ्या दिवशी हौदात सापडते. त्या हिशेबानं मी धाकटं माप मागवलं. पण आई, बांगडी अडते ती पंजाला, आणि एकदा मनगटावर आली की मोकळी असते. इथं पंजा नाही आणि मनगटही नाही, कडं जिथं घट्ट बसतं तिथंच राहतं. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही.

सुरुवातीचे दिवस मात्र मला अजून डोळ्यांपुढं दिसतात, पाण्याखालून दिसावेत तसे. पहिला रविवार, फक्त दोन तास. हे खिडकीपाशी बसून शेंगा फोडतायत आणि दर दहा मिनिटांनी मान वर करून माझ्याकडं बघतायत. ह्यांनी माझ्याकडं असं शेवटचं कधी बघितलं होतं ते मला आठवेना. नंतर अर्धा दिवस झाला, मग पूर्ण दिवस. मी किल्ली मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवून दुकानात जायची. समोर कुणाच्या तरी हातात हिरव्या बांगड्या भरतेय, काचेवरून ऊन सरकत भिंतीवर जातंय, आणि ती किल्ली छातीला गार लागतेय. गिऱ्हाईक काय बोलतंय त्यातलं अर्धं ऐकू यायचं नाही. हे संध्याकाळी मोहोळच्या ऑफिसातून लवकरची एसटी पकडून यायचे. आम्ही बोलत बसायचो. ऑफिसातल्या साहेबाबद्दल, लेकीबद्दल, ह्यांच्या वडलांबद्दल, जे चोवीस वर्षांत राहून गेलं ते. कुलूप होतं खरं, पण त्यांचं तोंड उघडलं होतं. मी सुखात होते आई, आणि हे तुला सांगताना मला आता लाजही वाटत नाही.

तुझं ओरडणं आठवलं ते त्याच दिवसांत. माझ्या लग्नाआधीच्या वर्षी, मी बावीस वर्षांची. गड्ड्याच्या जत्रेत आपला स्टॉल, बायकांची ही गर्दी, आणि माझ्यापुढं माढ्याकडची एक बाई हात पसरून बसलेली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, शेतात राबून हात दगडासारखा झालेला. मी घाईत होते. दाबते आहे, ढकलते आहे, आणि ती तोंडातून शब्द काढत नाही. चौथी बांगडी फुटली आणि अंगठ्याखाली रक्त आलं. तू मला खांद्यानं बाजूला सारलंस, पदरानं तिचा हात पुसलास आणि सगळ्या गर्दीदेखत मला म्हणालीस, "ती गप बसली म्हणून तू दाबत गेलीस व्हय? हात कडक झालेला कळंना तुला? गप बसलेल्या माणसाला तर दोनदा इचारावं लागतं." मग तिचा पंजा दोन्ही हातांत घेऊन तू नुसती बसून राहिलीस. गिऱ्हाईकं ताटकळली, काही निघून गेली. "बाई, दुखायलंय का? थांबू का?" असं तू विचारत होतीस. ती बाई तेव्हा रडली. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, माझा चारचौघांत अपमान झाला म्हणून.

आता त्या बुधवारचं. हे म्हणाले होते की या खेपेला सात दिवस, फक्त धुण्यापुरतं काढायचं. मी हो म्हटलं आणि मंगळवारी कुलूप लावलं. रात्री काढून ठेवायचं हा आमचाच नियम आम्ही मोडला, कारण सगळं गोडीत चाललं होतं आणि माणूस गोडीतच ढिला पडतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, हे डबा घेऊन मोहोळला गेले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. दुसरी भाकरी मागितली नाही. मी वाढता वाढता ह्यांच्या मनगटाला हात लावला तर हात लाकूड झालेला. विचारलं, "दुखायलंय का?"

"न्हाय. जेव तू."

"दुखायलंय का?"

"सात दिवस म्हटलं होतं की मी."

मी भाकरी ताटात ठेवली आणि म्हटलं, "मोडनिंब." ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू हा शब्द म्हणायचा हक्क माझा नव्हताच. पण शब्द दोघांचा होता, मी लिहून घेतलं होतं. न्हाणीत गार पाणी, साबण, पाच मिनिटं, आणि किल्ली दोनदा माझ्या हातून खाली पडली. सूज होती, काळानिळा वळ होता. तासाभरात रंग परत आला. सकाळी मी ह्यांना हट्टानं डॉक्टरकडं नेलं. त्या बाईंनी तपासलं, गंभीर काही झालेलं नाही म्हणाल्या, आणि चष्म्यावरून बघत, "मोठं माप घ्या आणि झोपताना नको," एवढंच बोलल्या. आम्ही दोघं रिक्षात शाळेतल्या पोरांसारखे मान खाली घालून बसलो होतो.

मी ह्यांच्यावर खूप ओरडले. दुसरी किल्ली पिशवीत होती, दिवसभर होती, मग? ह्यांनी खाली बघत सांगितलं, "तू खूश होतीस. लई दिवसांनी. मला ते मोडावं वाटंना." मी ते साधन धुऊन, पुसून, कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं. दोन महिने त्याचं नाव नाही. ह्यांनी मात्र मधल्या काळात स्वतः दोऱ्यानं माप घेतलं, तीन वेगवेगळ्या दिवशी, आकडे पॅडवर लिहिले, मोठं कडं मागवलं. काल ते आलं. झोपताना काढायचं, रोज संध्याकाळी मी दोनदा विचारायचं आणि ह्यांनी खरं सांगायचं, अशी नवी यादीही केली. आणि किल्ली ओट्यावर ठेवून पेपरमागं गेले. थोड्या वेळानं पेपरमागूनच म्हणाले, "मला भीती वाटत न्हाय. त्या दिवशी मी गप होतो तरी तुला कळलं. नुसता हात लावून. आईंची लेक हाय तू."

तिथंच माझं अडलंय, आई.

त्या बुधवारी सकाळी ह्यांनी चहा उभ्यानं घेतला होता. रोज खुर्ची ओढून बसणारा माणूस ओट्याला टेकून उभा होता, एका पायावर भार देऊन, आणि कप धरलेला हात पांढरा पडला होता. मी ते पाहिलं. एवढ्या वर्षांनी आता दाढ दुखत असली तरी मला चेहऱ्यावरून कळतं, हे कळलं नसेल का? मला कळलं, आणि त्याबरोबर मला बरं वाटलं. हा माणूस माझ्या शब्दासाठी एवढं सोसतोय, असं काहीतरी छातीत गरम झालं. मी हसून म्हटलं, "बसा की जरा, घाई काय हाय?" तेही हसले. आणि मी त्यांना एसटीत बसून मोहोळपर्यंत जाऊ दिलं, खड्ड्याखड्ड्यांतून, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा विचारही केला नाही. किल्ली दिवसभर माझ्या गळ्यात होती. संध्याकाळी मी हात लावला तो कळायला नव्हे, कळलेलं सकाळीच होतं; आता बास असं मला वाटलं म्हणून.

ह्यांचा सगळा भरवसा त्या हात लावण्यावर उभा आहे, आणि तो तसा नव्हता. हे सांगितल्याशिवाय मी किल्ली घेऊ शकत नाही. सांगितलं तर ते ती उचलून खिशात टाकतील, कदाचित पुन्हा कधी ठेवणारही नाहीत, आणि दारात उभं राहून "एक सांगू का" म्हणणारा माणूस पुन्हा गप्प होईल. मला ती किल्ली हवी आहे आई. म्हणून आधी तुला सांगून बघितलं, तू काहीच परत मागू शकत नाहीस.

आत पलंग वाजला. चहाची वेळ झालीच आहे, आधण ठेवायला हवं. पण खरं सांगते, ह्यांनी अजून थोडं झोपावं असं मला वाटतंय.