न धरलेली धग

१४ मार्च

प्रिय बाबा,

नमस्कार. मी फोन केला की तुम्ही 'हं' म्हणून तो आईच्या हातात देता, म्हणून हे पत्र. तुमचा राग अजून गेला नाही, हे कळतंय मला.

मी मजेत आहे. खोलीतला नळ अजून ठिबकतो, शेजारीण अजून गाते, आणि दोघांनाही कुणी थांबवू शकत नाही.

मोठी बातमी म्हणजे माझी ज्योत सुधारली! बर्नरमधून वेगाने सुटणारी ज्योत मी कॉम्प्युटरवर गणिताने पेटवते आणि तिच्यातून किती विषारी वायू हवेत जाईल ते सांगते. माझा आकडा प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्याच्या दुप्पट येत होता. चार महिने! मी मोजणाऱ्या बाईंच्या यंत्राला नावं ठेवली, त्यांच्याशी कडाकडा भांडले. बिचाऱ्यांनी यंत्र तीनदा तपासलं.

चूक माझीच निघाली. गणित लवकर सुटावं म्हणून ज्योतीतून बाहेर फेकली जाणारी धग मी हिशेबात धरलीच नव्हती. एवढीशी ज्योत, ती काय गमावणार! धग धरल्यावर ज्योत जराशी निवली आणि वायू थेट निम्म्यावर आला. मी खुर्चीतून उडीच मारली. बाईंनी कॉफी पाजली आणि वर चार शब्द सुनावले.

हे सुचलं कसं, ते सांगायचं टाळत होते. त्या दिवशी तुम्ही माझी घरी विसरलेली खोलीची किल्ली द्यायला माझ्या कामाच्या ठिकाणी आलात, काचेच्या भट्टीवरून थेट, कामाच्या कपड्यांत. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या ज्योतीकडे बघून विचारलंत, "हिची धग लांब उभ्या माणसाच्या तोंडाला लागते का गं?" सगळे हसले. मीही हसले. तीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस विचारतोय, हे डोक्यातच आलं नाही.

मग आमच्या सरांनी विचारलं, "हे कोण?" आणि मी म्हणाले, "ओळखीचे आहेत."

तुम्ही ऐकलंत. किल्ली टेबलावर ठेवून मुकाट्याने निघून गेलात. बाबा, मला तुमच्या कपड्यांची लाज वाटली होती. फार चुकले मी. माफ करा.

काल निकाल मांडला. सरांनी विचारलं, "चूक सापडली कशी?" मी म्हणाले, "त्या दिवशी आलेल्या गृहस्थांच्या प्रश्नामुळे. ते माझे वडील आहेत. मी तेव्हा खोटं बोलले." सर म्हणाले, गुरुवारी त्यांना बोलवा, खरी ज्योत दाखवू, आणखी काय काय विसरलोय ते तरी कळेल.

याल ना? नाही आलात तरी मी आता शब्द फिरवणार नाही.

तुमची, आणि हे चारचौघांत सांगून मोकळी झालेली,
मुलगी