केसाएवढी रेघ

ऑफेनबाख, ७ मार्च १९२६

ती. ओटिलीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा मुरंबा पोचला. किलियानने स्टेशनवरून घरी येईपर्यंतच अर्धी बरणी फस्त केली. दाद हवी असेल तर त्याच्याकडेच माग.

बातमी अशी की मी काढलेलं छपाईच्या अक्षराचं वळण चाललं गं! आधी एका पुस्तकवाल्याने घेतलं, मग चॉकलेटवाल्याने. आता लग्नपत्रिका, रेल्वेची वेळापत्रकं, सगळ्यांना तेच हवंय. उभी रेघ भरदार आणि आडवी केसाएवढी, यातच त्याचं रूप आहे. पण इतकी बारीक रेघ साच्यात उतरायची तर शिसं फार तापवावं लागतं, नाहीतर अक्षराचा खिळा अर्धवट निघतो. सगळ्यात लहान खिळे ओतणं आपल्या किलियानशिवाय कुणाला जमत नाही. ओतखान्याचे मालक म्हणाले, एका भावाने काढावं आणि दुसऱ्याने ओतावं, असं घर पाहिलं नाही. आईबाबा असायला हवे होते.

किलियान जरा उतरलाय, पण काळजी नको. ओतखान्यात रोज दूध मिळतं. दूध प्यायलं की शिसं अंगात भिनत नाही.

लोभ आहेच, मुरंब्यासकट असू द्यावा.
तुझा लोरेन्झ

लिंडेनबाख, १२ एप्रिल १९२६

चि. लोरेन्झ यास,
अ. उ. आ.

किलियान ईस्टरला येऊन गेला. उतरलाय म्हणे! डोळे आहेत की गहाण टाकलेत? त्याच्या हिरड्यांवर निळसर रेघ उठली आहे. पोटात कळ आली की जमिनीवर गडाबडा लोळतो. पाण्याचा जग उचलायला गेला तर मनगट खालीच लोंबलं. वर मलाच म्हणतो, ताई, हात शहरी झालाय, कामाला लाजतो. मी गोठ्यात जाऊन रडले.

दुधाचं मला सांगू नकोस. माझ्या दारात गाई आहेत. इथे असेतो त्याला दूधच दूध पाजलं, डुकराची चरबी चारली. काडीचा फरक नाही. तुझी ती आडवी रेघ जाड कर. जाड रेघ कुणीही ओतेल, शिसंही एवढं तापवायला नको, असं तोच बोलता बोलता म्हणाला. रेघ जाड कर आणि त्याला तिथून काढ, हवं तर अंगण झाडायला लाव. शहरात त्याला तू नेलंस, धडधाकट परत आणून द्यायचं काम तुझं.

दोघं वेळेवर जेवत जा. इथली माया आहे तशीच आहे.
तुझी ताई

ऑफेनबाख, ३० मे १९२६

ती. ताईस,
किलियानचा सा. न.

माझं अक्षर बघून हसू नकोस. एका घरात एकच अक्षरवाला पुरे.

दादाला छळू नकोस गं. तुझं पत्र आलं त्या दिवशी तो जेवला नाही. रेघ जाड करतो म्हणाला, मीच नको म्हटलं. परवा ट्राममध्ये एक बाई चॉकलेटचा कागद नखाने सपाट करून पर्समध्ये जपून ठेवत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, हे मी ओतलंय! माझं नाव कुठेही यायचं नाही, ते ठाऊक आहे. पण ती रेघ माझ्याशिवाय कुणाला येत नाही, एवढं तरी माझं असू दे. पोट मधूनमधून कुरकुरतं. तुझ्या हातचं खाऊन लाडावलंय, दुसरं काय!

गाईंना माझा नमस्कार, आणि उरलेली माया मला.
तुझा किलियान

ऑफेनबाख, ८ ऑगस्ट १९२६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

किलियानने लिहिलंच आहे. तुझ्यापासून काय लपवू? तो नको म्हणाला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. रेघ जाड करून पाहिली होती मी. वळण बसकं दिसतं, मोलकरणीच्या बुटासारखं. सात वर्षं मी याच एका गोष्टीपाठी घालवली आहेत, ताई. लाइप्त्सिगची व्यापारी जत्रा तोंडावर आली आहे, तेवढी पार पडू दे. मग मालकांना सांगून त्याला गोदामात घेतो. शब्द देतो.

राग धर, पण लोभ सोडू नको.
तुझा लोरेन्झ

लिंडेनबाख, २१ नोव्हेंबर १९२६

चि. लोरेन्झ यास,
आशीर्वाद.

किलियानच्या मातीला आलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास. बोलायचं राहिलं ते लिहिते.

प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायची स्मरणपत्रिका छापून घेतली, सोबत एक पाठवते आहे. छापखानेवाल्याने मोठ्या कौतुकाने तुझे नवे खिळे पुढे केले. मी म्हटलं, जुने झिजलेले असतील त्यात छाप. तुला वाईट वाटेल, वाटू दे. तुझं अक्षर सुंदर आहे, पण मला ते बघवत नाही.

शेवटी घरी आला तेव्हा त्याला चमचाही धरता येत नव्हता, मी भरवायचे. घास गिळता गिळता विचारायचा, दादाकडे आता लहान खिळे कोण ओततंय? त्याच्या रेघा तुटत तर नसतील? तूच सांग, त्या जागी कुणाला बसवलंयस? त्याच्याही घरी कुणी ताई असेल.

तब्येतीला जप. भाऊ आता एकच आहे.
ओटिली

ऑफेनबाख, १३ मार्च १९२७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी उत्तर देण्यासारखं काही नव्हतं.

त्या जागी कुणाला बसवलेलं नाही. दोघांनी करून पाहिलं, पण रेघ तुटायची. मागण्या अडून राहिल्या, तेव्हा मालकांनी बोलावून विचारलं, रेघ थोडी जाड केली तर? मी हो म्हटलं. जेवण झाल्यावर बसलो आणि दिवेलागणीपर्यंत सगळी रेखाटनं बदलून झाली. मग नवे साचे झाले. आता तीच अक्षरं ओतखान्यात कुणीही ओततं, शिसंही पूर्वीइतकं तापवत नाहीत.

नवे खिळे सगळीकडे गेले. कुणीतरी रागावून लिहील, वळण बिघडवलंत म्हणेल, म्हणून मी रोज टपालाची वाट बघतो. पुस्तकवाला, चॉकलेटवाला, रेल्वे, कुणाचीही तक्रार नाही. मागणी उलट वाढली आहे. काल न राहवून जुन्या आणि नव्या खिळ्यांनी छापलेले दोन कागद मालकांपुढे ठेवले. त्यांनी भिंग लावून दोन्ही नीट पाहिले आणि मलाच विचारलं, यातला जुना कुठला?

लोभ असू द्यावा असं लिहायची रीत आहे. मला लिहवत नाही.
लोरेन्झ