भाबडं पाणी

७ एप्रिल २०२४, रविवार

चाळीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, प्रसेनजीतनं इथल्या माळावर स्कूटर थांबवली होती. खडकात एक पाणवठा होता. कडेला बसून आम्ही भाकरी आणि खर्डा खाल्ला. तिखटानं माझे डोळे वाहायला लागले तसा तो हसत सुटला. एवढंच. पण त्या दुपारचा वाससुद्धा मला आठवतो.

आज त्याच्या गावी राहायला आले. हातकणंगले स्टेशनवर त्याचा चुलतभाऊ दादासो रिक्षा घेऊन उभाच होता. पुस्तकांची पेटी उचलताना, वैनी, हिच्यात दगडं भरल्यात काय, म्हणाला. घर दोन खोल्यांचं, मागं ऊस. शेजारी दादासोची आई राहते. तिला सगळे आक्का म्हणतात. तिनं दुधाचा चहा दिला आणि मी वाळल्याबद्दल बोलणी ऐकवली. फार बरं वाटलं.

माझी मुलगी प्रीती चौदा तारखेला, जयंतीला, येणार आहे. त्याआधी मला तो पाणवठा शोधायचा आहे. गेल्या वर्षी दवाखान्यात शेवटच्या दिवशी प्रसेनजीतनं त्याच पाण्याचा घोट मागितला होता. डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. मी नाही म्हणाले. तासाभरात तो गेला. त्याच्या वाटणीचा तो घोट आता मी पिणार आहे.

९ एप्रिल, मंगळवार

दादासोला वाट विचारली. नळ आल्यापासून तिकडं कुणी फिरकत नाही म्हणे. आधी त्यानं टाळलं, मग काठीनं मातीत वाट काढून दाखवली. कालव्याच्या पुलाखालून पाणंद धरायची. ऊस संपला की डावीकडं जुनी गाडीवाट लागते. तिथून घायपाताची रांग सोडायची नाही, आणि शिरोलीची धुराडी कायम पाठीशी ठेवायची.

टोपी आणि पाण्याची बाटली काढून ठेवली. शाळेच्या सहलीच्या आदल्या दिवशी कॉन्व्हेंटच्या सिस्टर आमच्याकडून अशीच तयारी करून घ्यायच्या.

१० एप्रिल, बुधवार

सापडला. पाणंद बाभळींनी बुजली आहे, दोनदा मागं फिरावं लागलं. घायपाताच्या शेवटी माळ एकदम खचतो आणि खाली काळ्या खडकात पाणी. भर एप्रिलात काठोकाठ. जवळ एक पक्षी नाही.

त्याचं नाव घेऊन प्यायले. गार, किंचित गोड. मग मनसोक्त रडले. उठताना वळून म्हणाले, येते हं.

वारा नव्हता. पाणी मात्र हललं.

घरी येऊन तीन तांबे पाणी प्यायले. तहान गेली नाही.

११ एप्रिल, गुरुवार

आक्काला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. निघताना काय म्हणालीस, तिनं विचारलं. येते म्हणाले, असं मी सांगितलं.

"जाते म्हणायचं असतंय तितं, पोरी. त्ये पाणी भाबडं हाय. बोललेलं खरं मानतंय. आता वाट बघत बसणार की."

गावची विहीर आपल्याला बंद होती तेव्हा वस्तीतल्या बायका त्याच पाण्यावर जायच्या, असं ती म्हणाली. माणसाच्या दारातून निघताना येते म्हणायचं, तिथून निघताना जाते. तिची नणंद एकदा विसरली. चार दिवसांनी काठावर नुसती कळशी मिळाली.

मग आठवलं. त्या दुपारी प्रसेनजीत म्हणाला होता, जातो आम्ही. मीच त्याच्या तोंडावर हात ठेवला, असं बोलू नये म्हणून. तो नुसता हसला. तेव्हाच सांगायचं ना रे.

१२ एप्रिल, शुक्रवार

आक्का म्हणाली, त्या पाण्यापासून लांब, कोल्हापूरला जा, आजच. स्टेशनची वाट सरळ डांबरी आहे. चालत निघाले. पूल ओलांडला. वळण घेतलं आणि समोर घायपात.

परत आले. दुपारी दादासोनं मोटारसायकलवर घेतलं. पुलापर्यंत गप्पा मारत होता. गाडी थांबली ती काळ्या खडकाशी.

"वैनी, ह्या रस्त्यानं मी रोज जातोय की," एवढंच म्हणाला. गाडी वळवली आणि मला घरी आणून सोडलं.

तहान. बादली संपवली.

१३ एप्रिल, शनिवार

आज घराबाहेर पडले नाही. तरी दुपारी बारा वाजता उसातून हाक आली. मला प्रिया म्हणणारा एकच होता.

"प्रिया, घोटभर दे की."

दवाखान्यातलाच आवाज. तसाच कोरडा. खिडकीतून पाहिलं — उसाच्या कडेला तो उभा. अंगावरून पाणी गळतंय, खाली चिखल झालाय, आणि पाणी मागतोय.

कडी लावून घेतली. दुसऱ्यांदा नाही म्हणाले.

प्रीतीचा फोन. उद्या एकच्या बसनं येतेय. मी बरी आहे म्हणाले. फोन ठेवून तांब्या तोंडाला लावला.

१४ एप्रिल

सगळे मिरवणुकीला. बँड ऐकू येतोय. साडेअकरा.

तो दाराशी आहे. हाक मारत नाही आता. नुसता बसलाय.

प्रीती, थांबणार होते गं. खरंच. पण तिसऱ्यांदा नाही म्हणवत नाही —

बाबांचं घड्याळ तुला. पुस्तकांची पेटी वस्तीतल्या वाचनालयाला. माझी जांभळी इरकल आक्काला, नको म्हणेल, तरी दे. चष्मा कुणा गरजूला. दादासोला सांग, त्याची चूक नाही, वाट त्यानं बरोबर दाखवली.

तू इकडं शोधायला येऊ नकोस.

पितळी तांब्या मात्र कुणाला नाही. तो मी नेतेय. त्याचे हात आता पाणी धरत नाहीत, बोटांतून सगळं —