डाकीण आमच्या बोलीत बोलते

शुक्र. ५ जाने. ९६
भुताची सिरियल. चाळीच्या लाइनीतली सगळी आमच्याच खोलीत, पाय ठेवायला जागा नाही. सिरियलमधल्या हवेलीत नवी मोलकरीण आलीय. नऊवारी, रुपयाएवढं कुंकू, आणि बोलते चक्क अहिराणी! मोडकीतोडकी, पण अहिराणी. लेकरांना हाक मारते, ‘ये व माय, ये.’ सासूबाईंनी मांडीवर थाप मारली. आमच्या पिंकीला दहादा सांगितलं, ऐक, आपली बोली टीव्हीवर. त्याही पिंकीला अश्शीच हाक मारतात. मी साडीला चमकीच्या टिक्क्या लावत होते, चार उलट्या लागल्या.

मंगळ. ९
दुपारी शेजारची कांताताई आली टिक्क्या घेऊन. हातानं काम, तोंडानं सिरियल. मालकीण गोरीपान, शुद्ध हिंदी. मेली तरी तिला पांढरी साडी आणि वर गाणं. वॉचमन आपला दारुडा. जंगलातला आदिवासी डोक्यात पिसं खोवून कवटी हलवतो. कांताताईच्या घरात बाबासाहेब आणि बुद्ध, भूतबित काही मानत नाहीत, पण शुक्रवार चुकवत नाही बया. म्हणाली, ‘आमच्यातलं तर भूतसुद्धा होऊ देत नाहीत गं.’ खूप हसलो. मग दोघी खाली मान घालून टिक्क्या लावत बसलो.

शुक्र. १२
घ्या! मोलकरीणच डाकीण निघाली. पाय उलटे. मालकिणीच्या बाळाला बोलावते, तेच, ‘ये व माय.’ पिंकी किंचाळून माझ्या पदरात. सा.बा. एवढंच म्हणाल्या, ‘इतली चांगली बाई व्हती.’ जेवल्या नाहीत धड.

रवि. १४, इकडचं उत्तरायण, आपली संक्रांत
सगळी पोरं गच्चीवर. सा.बा. तिळाच्या लाडूंचा डबा घेऊन वर गेल्या आणि नेहमीसारखी हाक मारली. पोरांनी धूम ठोकली, गुजरातीत ओरडत, ‘डाकण आवी, डाकण आवी!’ त्यांच्यात आमची पिंकीपण. सा.बा. हसल्या. डबा तसाच खाली आणला. संध्याकाळी पायात वात आला म्हणून पडून राहिल्या. वात कसला आलाय.

बुध. १७
पिंकी आजीजवळ झोपत नाही. वेणी माझ्याकडून घालून घेते. आणि कार्टी चोरून आजीचे पाय बघते. आज सा.बा.च्या लक्षात आलं. लुगड्याखाली पाय ओढून घेतले. ‘काय व, मी काय खासू का तुले?’ पिंकी पळाली. मी मोरीत जाऊन रडले.
ह्यांना सांगितलं. डाईंग मिलमधून तापूनच येतात, म्हणाले केबलच तोडतो. म्हटलं, तोडा, पण पोरीच्या डोक्यातलं काय तोडणार? सा.बा. म्हणतात शिरपूरला धाकट्याकडं जाते. पिशवी भरलीसुद्धा. सात वर्षं पोरीला त्यांनी वाढवलं, मी नुसती जन्माला घातली. त्या गेल्या तर

शनि. २०
काल टीव्ही लावलाच नाही. आज सकाळी अरे देवा! सा.बा. हिंदी बोलायला लागल्या. हवेलीच्या मालकिणीसारखी मान तिरकी करून, ‘बेटी, इधर आव. कंगी करने दे.’ हसून हसून माझी पुरेवाट. पिंकी थबकली. मग हळूच जाऊन पुढ्यात बसली. चापूनचोपून दोन वेण्या घातल्या, रिबिनी लावून. पिशवी रिकामी करून खुंटीला लावली. हे म्हणाले, म्हातारी बिलंदर आहे. आहेच.

गुरु. २५
आजी-नात पुन्हा एका गोधडीत. दिवसभर ‘रोटी खायेगी क्या’, ‘धूप में मत जाव’. मला बरं वाटायला हवं. नाही वाटत. धुणं वाळत घालताना म्हटलं, आई, घरात तरी आपलं बोला. तिकडं तोंड करूनच म्हणाल्या,
‘पोर जोडे उनी ना. मंग बोली गई ते जाऊ दे.’
पोर जवळ आली, मग बोली गेली तर गेली! राग आला. त्यांचा नाही. सिरियलवाल्यांतल्या कुणीतरी बसून ते लिहिलं असेल, डाकीण कशी बोलेल बरं, आणि लिहून झाल्यावर आरामात चहा प्यायला असेल मेला. मी नाशिकची. अहिराणी समजते सगळी, बोलता येत नाही. इतकी वर्षं गरजच पडली नाही, घरात त्या होत्या ना बोलायला.

शुक्र. २ फेब्रु.
कांताताईकडं सिरियल लावली होती. मी गेले नाही. सा.बा. म्हणाल्या, डाकिणीला जाळली का ते विचारून ये. कुणी विचारायला गेलं नाही.

रवि. ४
पिंकी भातुकली खेळत होती. मधेच आली. ‘आई, आजी पहिलं कसं बोलायची?’
मी अहिराणीत दोन वाक्यं म्हणून दाखवली. खुदकन हसली. म्हणाली, तुला नाही येत. म्हटलं, खरंय, आजीलाच विचार जा.
सा.बा. बाहेर ओट्यावर मेथी निवडतायत, इकडं पाठ आहे त्यांची. पिंकी दारापर्यंत गेली आणि चौकट धरून थांबली. एकदा मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम खाली मान घालून हे लिहीत बसलेय. अजून उभीच आहे.