तोमेनोकाकूंच्या फोटोला उदबत्ती

११ नोव्हेंबर, मंगळवार

खांद्याच्या डॉक्टरांनी आज साफ सांगितलं — उजव्या हाताने एक किलोच्या वर काही उचलायचं नाही. मी म्हटलं, माझा कॅमेरा एक किलो तीनशे आहे, लेन्स लावली की दोन किलो शंभर. ते म्हणाले, "मग अर्धाच उचला." तरुण मुलगा. थट्टा करतोय की उपचार सांगतोय, चेहऱ्यावरून कळत नाही. सुमिए शेजारी बसून हसली. नवऱ्याचा खांदा गेला आणि बायको हसते. चौतीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढले — वादळं, निवडणुका, संत्र्यांची प्रदर्शनं. तेव्हा कुणी अर्धा उचला म्हटलं नाही.

घरी आलो तर फुकुओकाहून चिनामीचं पार्सल. छोटा कॅमेरा, तीनशे ग्रॅम. चिठ्ठीत लेकीने लिहिलंय, "बाबा, हा शर्टाच्या खिशात मावतो." शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. मी खोका उघडला नाही. सुमिएने उघडला.

१२ नोव्हेंबर

सुमिए दिवसभर घरातल्या वस्तूंचे फोटो काढत होती. चहाची किटली. तळलेल्या माशाच्या वड्या. माझे मोजे. म्हणाली, "अहो, यात वीस मेगापिक्सेल आहेत. तुमच्यात बाराच ना?" मी म्हटलं, आकड्यावर काही नसतं. मग आठवलं — नोकरीत असताना हाताखालच्या पोरांना मी हेच आकडे पाठ करायला लावायचो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कसोटी ठरवली. एकच जागा, एकच वेळ, एकच विषय. थोरला कॅमेरा माझ्या हातात (डॉक्टरांना कळवायचं कारण नाही), धाकटा सुमिएच्या.

सकाळची बोट धक्क्याला लागताना: माझे सेकंदाला नऊ फोटो, फेसातला थेंबन् थेंब सुटा. सुमिएचा एक फोटो. त्यात कप्तान हात हलवतोय. या माणसाने बावीस वर्षांत कुणाला हात हलवलेला नाही. विचारलं तर म्हणाला, "वहिनी दिसल्या, म्हणून. तुम्ही होतात का तिथे? मला वाटलं बंदर खात्याचं काही मोजमाप चाललंय."

टोफूवाल्याच्या अंधाऱ्या दुकानात: माझ्या फोटोवर रवा पसरल्यासारखे दाणे. तिचा स्वच्छ. हे लिहून ठेवतो, कारण मी अप्रामाणिक माणूस नाही.

उन्हाच्या समोरून: तिचा पांढराफटक. माझा उत्तम. हेही लिहून ठेवतो. जरा मोठ्या अक्षरात.

धाकटा चेहरा ओळखतो म्हणे. ओळखला की भोवती चौकोन येतो. मासेवाल्याच्या पाटीवरच्या ऑक्टोपसभोवती आला. खुद्द मासेवाल्याभोवती आला नाही. तो बिचारा तीनदा टोपी काढून उभा राहिला.

१५ नोव्हेंबर

मांजर. माझ्या कॅमेऱ्याचा खटका वाजताच पळालं. धाकट्याला आवाजच नाही, त्यामुळे सुमिएच्या फोटोत मांजर झोपलेलं आहे. माझ्या फोटोत फक्त शेपूट आहे. पण शेपूट अत्यंत स्पष्ट आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी तोमेनोकाकू आल्या. वय अठ्ठ्याऐंशी. गावातलं सार्वजनिक स्नानगृह साठ वर्षं त्यांनी चालवलं, गेल्या वर्षी बंद केलं. सबंध गावाला त्यांनी उघडं पाहिलंय, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचं फारसं चालत नाही.

चहा घेऊन म्हणाल्या, "माझे अंत्यसंस्कार तीस तारखेला आहेत. रविवारी. दोघंही या."

सुमिएचा कप हातातच राहिला. "काकू, तब्येत…?"

"तब्येतीला काय झालंय? मेल्यावर कोण रडलं, कोण नुसतं जेवून गेलं, मला कसं कळणार? म्हणून आधीच करून घेतेय. देवळातल्या एन्काईबुवांना सांगून झालंय. फक्त समोर ठेवायला फोटो नाही."

मी लगेच उठलो, थोरला आणायला. तर म्हणाल्या, "बस रे, मियाउची. तुम्हा नवरा-बायकोचं भांडण चार घरं पलीकडे ऐकू येतं. दोघांनीही काढा. दोन्ही फोटो ठेवू. लोकांनी पसंतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावायची. मी मोजीन."

मी म्हटलं, काकू, अंत्यसंस्कारात मतदान कसं घेणार?

"अंत्यसंस्कार कुणाचे आहेत?" म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोटो काढले. माझे दोनशे बारा. काकूंना खिडकीपाशी बसवलं, गडद किमोनो, मागे राखाडी पडदा. हनुवटी थोडी खाली, काकू. खांदे सैल. आता हलू नका. दोन तास त्या दगडासारख्या बसल्या. जवळून घ्यावा म्हणून लेन्स चेहऱ्यापासून हातभर अंतरावर नेली, तरी पापणी हलली नाही. माझ्या खांद्यातली वेदना दातापर्यंत गेली.

नंतर सुमिए स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर संत्री सोलत बसली. कॅमेरा पोटाशी धरलेला, त्याचा स्क्रीन वर उचललेला, तोंडाने गप्पा. सहा फोटो. मी म्हटलं, इतकेच? म्हणाली, "संत्री संपली."

रात्री दोघांचे शेजारी शेजारी लावून पाहिले. माझ्यात प्रत्येक सुरकुती मोजता येते, किमोनोचा धागा दिसतो. काकू रोखून बघतायत, कशाकडे ते कळत नाही. सुमिएच्या फोटोत काकू हसतायत, हात तोंडावर न्यायला उशीर झालाय, उरलेले तिन्ही दात दिसतायत. गालावर संत्र्याचा शिंतोडा.

प्रकाशाच्या दृष्टीने माझा सरस आहे. असं सुमिएला सांगितलं. ती म्हणाली, "हो, प्रकाश छान आहे." आणि दिवा मालवून गेली.

२३ नोव्हेंबर

विधी स्नानगृहातच. माझा फोटो पुरुषांच्या बाजूला, सुमिएचा बायकांच्या. काकू मधल्या गल्ल्याच्या उंच बैठकीवर बसणार — तिथून दोन्ही बाजू दिसतात, साठ वर्षं त्या तिथेच बसल्या. मी विचारलं, बाजू अशाच का? म्हणाल्या, "तू पुरुष आहेस म्हणून. त्यात काय कोडं आहे?"

३० नोव्हेंबर, रविवार

झाले. काय झालं ते नीट लिहिलं पाहिजे, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

पन्नास माणसं आली, सगळी काळ्या कपड्यात. एन्काईबुवांना कुठे तोंड करून मंत्र म्हणायचे ते कळेना. पुरुषांकडे केलं की बायका नाराज, बायकांकडे केलं की बरं दिसत नाही. शेवटी ते दारात चपलांच्या कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. चाळीस मिनिटं चपलांना मंत्र. वर बैठकीवर काकू, मांडीवर वही. मधूनच एखाद्याला सुनावायच्या, "हामासाकी, पुरे. बायको गेली तेव्हा इतका रडला नव्हतास." हामासाकी कोळी आहे, सहा फूट. रडू थांबेना.

मग उदबत्त्या. माझ्या फोटोपुढे एकोणीस, सुमिएच्या पुढे एकतीस.

मी हरलो. दोन मिनिटं खरंच वाटलं की हरलो. कान गरम झाले. मग लक्षात आलं — पुरुष किती आलेत? एकोणीस. बायका? एकतीस. एकही पुरुष बायकांच्या बाजूला गेला नव्हता. पाणी नाही, कुणी उघडं नाही, तरी मधल्या पडद्यापाशी येऊन मागे फिरत होते. बायकाही तशाच.

मी उभा राहून म्हटलं, काकू, ही फोटोंची पसंती नाही. आपल्या गावात पुरुष लवकर मरतात, एवढंच यातून सिद्ध होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "मियाउची, हरलास तर हरलास." पण काकूंना मुद्दा पटला. फोटोंची अदलाबदल केली. बुवांना पुन्हा उभं केलं. पुन्हा मंत्र, पुन्हा चपला, पुन्हा उदबत्त्या. धुराने हामासाकीला ढास लागली, त्यामुळे रडणं तरी थांबलं.

आता माझा फोटो बायकांकडे: एकतीस. सुमिएचा पुरुषांकडे: एकोणीस. बेरीज केली — पन्नास, पन्नास.

काकूंनी वही मिटली. म्हणाल्या, "दोन्ही वेळा एकानेही फोटोकडे मान वर करून बघितलं नाही. सगळे वर माझ्याकडे बघत होते, मी बघतेय का ते. जेवून घ्या."

सुमिए आणि मी चालत घरी आलो. कॅमेऱ्याची बॅग तिने घेतली होती, ते दारात आल्यावर कळलं.

२ डिसेंबर

तोमेनोकाकू आता मेलेल्या आहेत. टोफूच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे उभ्या होत्या. मी म्हटलं, थंडी पडली हो काकू. उत्तर नाही. टोफूवाला दबक्या आवाजात म्हणाला, "रविवारपासून असंच आहे. बोट दाखवतात, मी देतो." गल्लीच्या सफाईला बोलवायला माणूस गेला तर दाराआडून आवाज आला, "मी वारले."

५ डिसेंबर, शुक्रवार

आज धक्क्यावर काकूंनी मला हाक मारली. मी म्हटलं, तुम्ही बोलत नाही ना? म्हणाल्या, "जिवंत माणसाला खरं बोलताना भीड पडते. मेलेल्याला नाही. बस इथे."

बसलो.

"त्या दिवशी तू ते मोठं भिंग माझ्या तोंडासमोर आणलंस. त्यात मी दिसत होते. एवढीशी. पण मी नव्हे, आमची आई होती. हुबेहूब. साठ वर्षं आरसे पुसले, कधी दिसली नाही. भुवई वर करून बघत होती, पाणी तापलं का गं, असं विचारल्यासारखी. म्हणून मी हलले नाही. हलले असते तर गेली असती."

मी म्हटलं, म्हणजे तो फोटो…

"चांगला आहे. तू मला बघत नव्हतास, बटणं बघत होतास. तरी चांगला आहे. सुमिएचाही चांगला आहे. तिच्यापुढे बसलं की कॅमेरा आहे हेच विसरायला होतं." उठल्या. "आता माझ्याशी बोलू नकोस. लोक बघतायत."

घरी येऊन लेन्स पुसली. मग तिच्यात डोकावून बघितलं. मीच दिसलो. नाक फार मोठं.

८ डिसेंबर, सोमवार

मेलेली बाई गावभर बोलली असणार. सकाळी आठला दारात हामासाकी. टोपी हातात. "मियाउचीसान, ते भिंग… माझे वडील दिसतील का हो? बोटीसकट गेले, घरात एकही फोटो नाही." त्याच्या मागे टोफूवाल्याची बायको, तिला आजी बघायची होती. तिच्यामागे आणखी चार जण.

मी समजावलं. ही लेन्स आहे, जादू नाही. काचेत आपलंच प्रतिबिंब पडतं. हामासाकी म्हणाला, "ते माहीत आहे. पण जरा जवळ आणाल का?"

आणलं. तो वाकला, बघत राहिला. त्याचा जबडा हळूहळू सैल झाला. माझ्या बाजूला सुमिए केव्हा येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने फोटो काढला तेही कळलं नाही. संध्याकाळी दाखवला. एवढा मोठा माणूस, सात वर्षांचा दिसतोय.

मी फोटो बराच वेळ बघितला. प्रकाशाविषयी काही बोललो नाही.

१० डिसेंबर

आता रीतच पडली. काकूंनी स्नानगृहाची किल्ली दिली (न बोलता, बोट दाखवून). मी थोरला घेऊन समोर बसतो. समोरचा माणूस काचेत बघतो. सुमिए बाजूने धाकट्याने फोटो काढते. लोक तोच फोटो आपापल्या अंत्यसंस्कारासाठी जपून ठेवणार आहेत.

निवृत्त पोस्टमास्तर ओचीसानना काचेत स्वतःखेरीज कुणी दिसत नाही. तिसऱ्यांदा आले. म्हणाले, "आमच्या घराण्यात सगळे असेच दिसत असतील का?" मी म्हटलं, शक्यता आहे. समाधानाने गेले.

१२ डिसेंबर

माणूस काचेत बघत असतो तेव्हा मलाही त्याच्याकडे बघावंच लागतं, दुसरं काम नसतं. टोफूवाल्याला डाव्या भुवईवर जुना व्रण आहे. चाळीस वर्षं त्याच्याकडून टोफू घेतोय.

१८ डिसेंबर, गुरुवार

थोरल्याची बॅटरी आज कपाटात सापडली. सोमवारपासून तिथेच असणार. जुन्या कॅमेऱ्यात आरसा असतो, बॅटरी नसली तरी डोळा लावला की माणूस दिसतोच, म्हणून कळलं नाही. चार दिवसांत अकरा माणसं बसली. मी बटण एकदाही दाबलेलं नाही.

सुमिएला सांगितलं. म्हणाली, "माहीत आहे. मीच काढली. तेवढंच दोनशे ग्रॅम ओझं कमी."

परत घातली नाही.